शिदबाला मी तिसरा प्रश्न विचारला नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, देवापुढे बसूनही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित. ओळखणाऱ्या माणसांत माझं नाव चांगलं आहे — सरळ वकील, सचोटीचा माणूस. त्या नावाला धक्का लागू नये म्हणूनच तर सगळं घडलं.

गोष्ट एका बागेची आहे. म्हणजे — बागेची म्हणूनच सुरू होते.

अठ्ठेचाळीस साली, दिल्लीत महात्म्याचा खून झाल्यावर कोल्हापुरात आमच्या लोकांची घरं जाळली. का, कुणी, ते सगळं तुम्हाला ठाऊक असेल. शहराच्या पूर्वेला नव्या वसाहतीत आमचं घर होतं, तेही गेलं. आम्ही तिघं मागच्या दाराने निघून एका अशिलाच्या घरी पोचलो, म्हणून वाचलो. त्याच्या घरी आठ दिवस लपून राहिलो. तो मराठा शेतकरी. त्याने दारात खाट टाकली आणि तिच्यावर स्वतः बसून राहिला. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी जे केलं ते करताना मला हे आठवत नव्हतं असं नाही.

घर पुन्हा उभं राहायला तीन वर्षं लागली. एक्कावन्न साली आम्ही राहायला आलो. पण माझी बायको, सुमती, पुढच्या अंगणात पाऊल टाकेना. त्या दिवशी जमावाने घरातलं सगळं तिथेच आणून पेटवलं होतं — तिची सतार, माझी पुस्तकं, मुलीचा पाळणा. तिथली माती अजून काळी होती. पाऊस पडला की तिला तिथून जळकट वास यायचा. मला येत नव्हता. ती म्हणायची, ‘इथे काहीतरी हिरवं करा हो. काहीही करा, पण ही जमीन माझ्या डोळ्यांपुढून झाका.’

म्हणून मी शिदबाला बोलावलं.

शिदबा उचगावचा. पन्नाशीचा, काटकुळा, कानात बाळी, बोलणं कमी. एका जहागीरदाराच्या बंगल्यावर वीस वर्षं त्याच्या हातची बाग होती. संस्थान विलीन झालं, जहागीरदारांनी नोकरमाणसं कमी केली आणि शिदबा मोकळा झाला. आमच्या वसाहतीत चार घरी त्याने काम धरलं होतं. तो नुसता पाणी घालणारा माळी नव्हता. आला तो पहिले दोन दिवस कंपाउंडच्या भिंतीवर बसून राहिला. ऊन कुठून कुठं सरकतं, विहिरीचं पाणी कुठल्या उताराने जाईल, खिडकीत बसलेल्या माणसाला काय दिसेल — सगळं बघत होता. मग चुन्याची फक्की घेऊन त्याने जमिनीवर बाग आखली. कुठे हरळी, कुठे गुलाब, कुठे दगडी कडा, कोपऱ्यात चाफा. सुमती खिडकीतून बघत होती. राहायला आल्यापासून प्रथमच ती त्या खिडकीत उभी राहिलेली मी पाहिली.

साडेतीनशे रुपये ठरले. त्या काळी ही लहान रक्कम नव्हती. दीडशे मी आधी दिले.

काम सुरू झालं आणि दोन दिवसांत शिदबा माझ्याकडे आला. जमिनीखाली हातभर राख, चुना, फुटकी कौलं, वितळलेली काच. म्हणाला, ‘साहेब, ही माती काढून टाकाय लागंल. हिच्यात झाड जगायचं न्हाय.’ सगळं खणून गाड्यांनी बाहेर न्यायचं आणि कळंब्याच्या तलावाचा गाळ आणून भरायचा. खर्च वाढेल, दीड-दोनशेच्या घरात जाईल, हे त्याने स्पष्ट सांगितलं. मी कोर्टात निघालो होतो. म्हणालो, करा. हो, मीच म्हणालो. माझ्या तोंडचा शब्द आहे तो, दुसऱ्या कुणाचा नाही.

महिनाभर तो खणत होता. राखेतून जे निघेल ते तो एका पाटीत बाजूला ठेवायचा — पितळी झाकण, कुलूप, देव्हाऱ्यातली एक घंटा — आणि संध्याकाळी ती पाटी सुमतीपुढे ठेवून काही न बोलता निघून जायचा. सुमती एकेक वस्तू चिंचेने घासून ठेवायची. हळूहळू ती अंगणात उतरायला लागली. आधी पायरीपर्यंत. मग चाफ्याच्या आळ्यापर्यंत. एक दिवस घरात आलो तर ती शिदबाला कुठलासा गुलाब कुठे लावायचा यावरून वाद घालताना दिसली. वाद घालताना! मी दारातच थांबलो. किती दिवसांनी तिचा आवाज चढलेला ऐकत होतो.

आता — आता जरा थांबतो. पुढचं सांगायचं म्हणजे —

एका रविवारी सकाळी मी अंगणात उभा होतो. शिदबा खणत होता. खणता खणता थांबला, कुदळीच्या दांड्यावर हात ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘साहेब, एक सांगू का? त्या दिशी मी ह्याच रस्त्यानं गेलतो. तुमचं घर पेटलं हुतं. मी हुबा ऱ्हायलो. बघितलं. आन् खाली मान घालून उचगावला गेलो. एक बादली पानी मारलं न्हाय. भ्यालो.’

एवढंच. पुन्हा खणायला लागला.

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, ‘जाऊ दे शिदबा. एकटा माणूस काय करणार होतास तू?’ आणि ते मी मनापासून म्हणालो होतो. तीन वर्षांत त्या दिवसाबद्दल बोलणारी शेकडो माणसं मला भेटली. कुणी म्हणे मी गावाला होतो, कुणी म्हणे मला कळलंच नाही. खरं सांगणारा हा एकटा. त्याला सांगायची काही गरज होती का? कुणी विचारलं होतं का? माझ्या घरची राख उपसता उपसता त्याला ते सोसेना, म्हणून त्याने माझ्यापाशी ठेवलं. विश्वासाने ठेवलं.

बाग झाली. चार महिन्यांनी गुलाब फुलले, हरळी धरली. वसाहतीतली माणसं बघायला यायची. समोरचे डॉक्टर आणि शेजारचे निवृत्त हेडमास्तर एका सकाळी व्हरांड्यात येऊन बसले. त्यांचीही घरं जळाली होती. दोघांनाही आपापल्या अंगणाचं काहीतरी करायचं होतं. हेडमास्तरांनी विचारलं, काय खर्च आला? आणि मी म्हणालो, साडेतीनशे.

का म्हणालो? माहीत नाही. साडेतीनशेत एवढी बाग — तेवढीच बढाई. डॉक्टर म्हणाले, वकील आहात, तुम्हाला कोण फसवणार. मला बरं वाटलं. किती क्षुद्र गोष्टीने माणसाला बरं वाटतं!

आणि तेवढ्यात फाटक उघडून शिदबा आला. गाडीवाले त्याच्या मागे लागले होते, म्हणून राहिलेले पैसे मागायला आला होता. पायरीखाली उभा राहून हळूच म्हणाला, ‘साहेब, तीनशे नव्वद ऱ्हायल्यात.’

हेडमास्तर हसले. वाईट हसले नाहीत, सहज हसले. म्हणाले, साडेतीनशेत झाली ना हो बाग?

पैसे घरात होते. हे लिहून ठेवा. आदल्याच आठवड्यात एका दाव्याची फी आली होती, कपाटात होती. मी उठून आत गेलो असतो, नोटा आणून दिल्या असत्या, हेडमास्तरांना म्हणालो असतो, अहो, वाढला थोडा खर्च. संपलं असतं. दोन मिनिटांची लाज. तेवढीसुद्धा मला नको होती.

मी खुर्चीतच बसून राहिलो. कोर्टात साक्षीदाराला विचारतो त्या आवाजात विचारलं, ‘शिदबा, आमचं घर जळत होतं तेव्हा तू कुठे होतास?’

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं ते — ते मला सांगता येत नाही.

‘हितं,’ तो म्हणाला. ‘रस्त्यावर.’

‘काय करत होतास?’

‘बघत हुतो.’

मी तिसरा प्रश्न विचारला नाही. तू कशाला हात लावलास का? — एवढा एक प्रश्न. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. त्या उत्तराने तो सुटला असता. पण कुठे थांबायचं हे वकिलाला शिकवावं लागत नाही. मी थांबलो आणि डॉक्टरांकडे पाहिलं. पुढचं त्यांनीच केलं. ते उठले. बिचारे, त्यांची आई त्या धावपळीत गेली होती. ते जे बोलले ते मी इथे सांगत नाही. शिदबाने पैसे मागितले नाहीत. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. फाटक मात्र लावून गेला — नेहमीसारखं, कडी घालून.

मी खोटं बोललो का? विचार करा. एक अक्षर खोटं नव्हतं. कित्येक वर्षं मी याच वाक्यावर तगून होतो.

दोन दिवसांत चारही घरांनी त्याचं काम बंद केलं. नगरपालिकेच्या बागेत त्याला घेणार होते, तिथेही कुणीतरी कान भरले. गाडीवाल्यांचे पैसे त्याने म्हैस विकून फेडले, असं पुढे कानावर आलं. मला कुणी विचारलं की मी नुसता मान हलवायचो. मान हलवायला काय लागतं?

पण खरंखुरं खोटं मी त्याच दिवशी बोललो होतो. दुपारी. सुमती स्वयंपाकघरात होती, तिला व्हरांड्यातलं काही कळलं नव्हतं. तिने विचारलं, शिदबा आला होता ना, गेला का लगेच? मला त्याला कलमांचं विचारायचं होतं. मी तिला सांगू शकलो असतो. निदान तिला. मी म्हणालो, ‘तो पुन्हा यायचा नाही. तो त्यांच्यातला होता.’

ती पाटावर बसली. मग तिने विचारलं, ‘तुम्हाला नक्की माहीत आहे?’ मी म्हणालो, हो. त्यानेच कबूल केलं.

त्या दिवसानंतर सुमती बागेत गेली नाही. एकदाही नाही. पुढचं दार तिने बंद केलं, येणं-जाणं मागच्या दाराने. मी दुसरा माळी लावला, बाग चांगली राहिली, गुलाबांनी वाकायची. देवाला मात्र ती फुलं बाजारातून आणवायची. मुलीने एकदा अंगणातला मोगरा केसात माळला, तर तिने तो काढायला लावला. त्या काळ्या मातीपेक्षा हे वाईट होतं. माती निदान गप्प होती. आता खिडकीबाहेर जे फुलायचं ते तिला घर जाळणाऱ्याच्या हातचं वाटायचं. आणि तो हात जाळणाऱ्याचा नव्हता हे या जगात दोघांनाच माहीत होतं — मला आणि शिदबाला.

पंचावन्न साली शिदबा मला दिसला. गुळाच्या पेठेत एका अशिलाच्या दुकानी गेलो होतो. तो हमाली करत होता. पाठीवर गुळाची ढेप, डोक्याला फडकं. बोळ अरुंद, मी मध्येच उभा. तो अगदी समोर आला. त्याने मला ओळखलं, यात मला शंका नाही. मी तोंड उघडलं — काय बोलणार होतो, देव जाणे. तो म्हणाला, ‘पावणं, जरा बाजूला व्हा.’

पावणं. अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

मी बाजूला झालो. तो गेला. खिशात त्या दिवशी पैसे होते. उचगाव काही लांब नाही, पुढे कितीदा त्या रस्त्याने गेलो. एकदाही वळलो नाही. अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात तो वारल्याचं कळलं. कशाने, ते मी विचारलं नाही.

सुमती त्याच्या पुढच्या वर्षी गेली. पोटाचा आजार होता. शेवटचे दोन महिने ती अंथरुणावर होती. एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. तिचं लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक. एकदम म्हणाली, ‘महिनाभर तो माणूस किती मायेने माती उपसत होता हो. आणि तोच असा निघावा? मला अजून उलगडत नाही. माणसाची पारख मला कधी आलीच नाही बघा.’

तिचा हात माझ्या हातात होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टर नाहीत, हेडमास्तर नाहीत, कुणी हसणार नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, ‘फार बोलू नकोस. पड जरा.’

नऊ दिवसांनी ती गेली. आपल्याला माणसं ओळखता येत नाहीत, असंच समजून गेली.