दिघीच्या धक्क्यावरची पकड

दिघीच्या धक्क्यावर आज कुणाच्या तरी सत्काराचे हार आले होते. ओल्या झेंडूचा वास आला आणि मला आमच्या आळीतल्या सुनंदाताईचा सत्कार आठवला.

ती महाराष्ट्राच्या कबड्डी संघाची कप्तान झाली, तेव्हा मांडव इथेच घातला होता. पाहुणे तिची पदकं सांगत होते आणि ती कडक इस्त्रीच्या साडीत अवघडून बसली होती. पहिल्या रांगेत तिचे वडील. सामने कायम लांब आणि ते कायम होडीवर, त्यामुळे लेकीचा खेळ त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

तेवढ्यात एका बोकडाने टेबलावरचा मोठा हार ओढला आणि धूम ठोकली. ताईने पदर खोचला, मंचावरून झेप घेतली आणि त्याचा मागचा पाय धरला. दोघंही धुळीत लोळली. मांडवात असा हशा पिकला की भाषण तिथंच संपलं.

तेव्हा मी त्या बोकडालाच हसत होते. आज डोळ्यांसमोर येतात ते तिचे वडील. ते उठून तिच्याजवळ गेले आणि बघतच राहिले.

"अशी खेळतेस व्हय गं तू!"

ताईने बोकडाचा पाय सोडला नव्हता. धापा टाकत म्हणाली, "तिकडं आम्ही सातजणी मिळून धरतो, बाबा. ह्याला एकटीनं धरलाय!"