शेरभर पिठाचं वजन

शिवी हासडल्याशिवाय शेरमावशीनं कधी माप भरलं नाही. पितळी शेर पिठात खुपसायची, वरचा ढीग तळहातानं सपाट करायची आणि मापालाच म्हणायची, "लबाड हायस मुडद्या." खरं नाव गयाबाई, पण त्या शेरापायी सगळे शेरमावशीच म्हणायचे. मी सोसायटीत नवा कारकून, मॅट्रिक पास. मला तिचं हसू यायचं. आज त्या हसण्याची चीड येते. घरात कुणी वाटीनं पीठ मोजून छातीठोक वजन सांगितलं, की अजून माझं डोकं फिरतं.

दुष्काळ होता. वडवणीजवळ पाझर तलावाचं काम चाललं होतं आणि खडी फोडणाऱ्या बायांच्या पोरांना सोसायटी सुकडी करून घालायची. भाजलेलं पीठ, गूळ, तेल, एवढंच. वरून आलेल्या कागदात सगळं किलोत, वजनकाटा गोदामात कुलपात, आणि चुलीपाशी फक्त मावशीचा शेर. चेअरमन म्हणाले, किलोचे शेर करून दे. मी शेरभर ज्वारी तोलली, ती किलोभर भरली. झालं! पुठ्ठ्यावर ठोकून दिलं: एक शेर म्हणजे एक किलो. पीठ तोलायचा कंटाळा केला, हे माझं मॅट्रिक.

रांग संपायच्या आत पातेलं संपू लागलं. मागची पोरं कडा खरवडायची. मावशी पहिल्याच आठवड्यात ऑफिसात आली, काटा बाहेर काढा म्हणाली. "दाणा दडपून बसतो, पीठ फुगून बसतंय. तुमच्यातल्या कुणी कधी पीठ चाळलंय का?" चेअरमननी उडवून लावलं. मीही मान खाली घालून लिहीत राहिलो.

मग कामावर कुजबुज सुरू झाली, की मावशी पदराखाली पीठ नेते. चेअरमननी सगळ्यांदेखत तिची पिशवी उलटी केली. तंबाखूची चंची आणि अर्धी भाकर निघाली. तरी तिला काढलंच. मी पुठ्ठा हातात धरून उभा होतो, ब्र काढला नाही. मावशी भावाकडे नेकनूरला निघून गेली.

महिनाअखेरीस गोदामात पिठाची पोती उरली. चोरी झाली असती तर पीठ घटलं असतं, इथं तर शिल्लक! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शेरभर पीठ तोललं. साडेसहाशे ग्रॅम. उरलेलं साडेतीनशे ग्रॅम दर शेरामागं मी पोरांच्या तोंडचं काढलं होतं, आणि चोर ठरली ती. चेअरमनना सांगितलं. म्हणाले, पुठ्ठा बदल, गवगवा करू नको. मी मेंगळट, पुठ्ठा बदलला आणि गप्प बसलो.

मनाला खात राहिलं म्हणून नेकनूरला गेलो. माफी मागितली, नवा पुठ्ठा वाचून दाखवला. शेरभर पीठ इतकं, शेरभर गूळ इतका. मावशी पाखडत होती, सूप काही थांबवलं नाही.

"पोरांना आता पुरतंय का?"

पुरतंय म्हणालो.

"लई बरं झालं. आन् गयाबाई चोर न्हाई, ह्ये कुठं लिवलंय त्यात?"

लिहिलं नव्हतं. पुठ्ठ्याची खालची अर्धी बाजू कोरी होती, आणि पेन माझ्या खिशात होतं.