रिकामे खिळे

दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता. सकाळी पोळ्या लाटत असताना नाशिकच्या वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमातून सिस्टरचा फोन आला. "बाई, फादर मार्सेल गेले. झोपेतच..." मी "बरं" म्हणाले आणि उरलेल्या कणकेच्याही पोळ्या लाटल्या. एवढ्या पोळ्या खायला घरात कुणी नाही, हे सगळ्या झाल्यावर लक्षात आलं. चारच दिवसांपूर्वी मी त्यांना भेटले होते आणि त्या भेटीत त्यांच्याशी धडधडीत खोटं बोलले होते. खरं तर त्यासाठीच लिहायला बसले आहे. फादरांविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांना माझी गरज नाही.

शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक झाली ती सुरगाण्याकडच्या डोंगरात, एका पाड्यावर. नाशिकच्या वसाहतीत वाढलेली मी, पहिले आठ दिवस नुसती रडत होते. शाळेपासून हाकेच्या अंतरावर मिशनचं घर होतं. लहानसं चर्च, पडवीत दवाखाना आणि मागे फादरांची खोली. फादर मूळचे गोव्याचे, पण इतकी वर्षं डोंगरात काढल्यावर त्यांचं बोलणं तिथल्या माणसांसारखंच झालं होतं, आणि माणसंही त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे अरेतुरे करत. साप चावलेल्याला जीपमध्ये घालून घाट उतरायचा, अडलेल्या बाळंतिणीला न्यायचं, विहिरीतला गाळ काढायला स्वतः दोर धरून खाली जायचं, अशी त्यांची सेवा. माझ्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, त्यांच्या भिंतीवर क्रूस. त्यावरून आमचं कधी वाजलं नाही. एकदा मी खवचटपणे विचारलं, "धर्म वाढवायला आलात ना इथे?" ते हसले. "आलो होतो खरा. पण बाई, दिवाळी झाली की माझ्या मिस्साच्या प्रार्थनेला कोण आणि तुमच्या शाळेत कोण? आपण दोघं एकमेकांना शिकवू."

आमचं वाजलं ते किल्ल्यांवरून. भात कापून झालं की पाडा जगायला बाहेर पडायचा, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला, तो थेट होळीला परत. ज्यांच्या घरी मागे राहायला म्हातारं माणूस नसे, ते कुलूप लावून किल्ली फादरांकडे ठेवत. किल्ल्या सगळ्या सारख्याच दिसायच्या, म्हणून ज्याने त्याने आपल्या जुन्या लुगड्याची नाहीतर सदऱ्याची चिंधी तिला बांधायची. फादरांच्या खोलीत दाराशेजारी एक सागाची फळी होती, तिच्यावर खिळे ठोकलेले. किल्ली आणणाऱ्याला कोरा चहा मिळे. मग दर शनिवारी फादर एकेक घर उघडत, केर काढत, कणगीतल्या बियाण्याला उंदीर-वाळवी लागली नाही ना ते पाहत आणि घटकाभर उंबऱ्यावर बसून राहत. एक वर्ष तरी ही फळी रिकामी दिसावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. प्रार्थनेतही तेच मागतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

माझा वर्ग आईबापांबरोबर निघून जायचा. तिसऱ्या वर्षी मी भडकले. "तुम्ही किल्ल्या सांभाळता म्हणून हे निर्धास्त जातात. एकदा नाही म्हणून बघा!" आणि त्या दिवाळीला फादरांनी खरंच नाही म्हटलं. कुणीही थांबलं नाही. बायका किल्ल्या पदराला बांधून गेल्या, आणि शनिवारी आम्ही दोघं बंद दारांवरून नुसते चालत राहिलो. होळीला यमुना परतली. माझ्या वर्गातल्या दोन मुलींची ही आई, सतत हसणारी. तिने दार उघडलं तर कणगीला तळापासून वाळवी लागलेली. ती मूठभर माती झालेलं बियाणं घेऊन आली आणि म्हणाली, "तू किल्ली नाय ठेवलीस, फादर." त्या पावसाळ्यात तिचं शेत पडीक राहिलं, ती मुलींना घेऊन पुन्हा बाहेर गेली आणि त्यांची शाळा सुटली ती कायमची. चूक माझी होती. फादरांनी माझं नाव कुणाजवळही काढलं नाही. पुढच्या दिवाळीला किल्ल्या परत आल्या आणि त्यांनी फळीवर खिळ्यांची आणखी एक रांग ठोकली.

नंतर डांबरी रस्ता झाला, वीज आली. माझी सिन्नरला बदली झाली, तिथून निवृत्त होऊन मी नाशिकला परत आले. होळीला मात्र दरवर्षी पाड्यावर जायचे. किल्ल्या कमी झाल्या नव्हत्या. रस्ता झाल्यामुळे न्यायला जीप दारापर्यंत येऊ लागली, एवढाच काय तो फरक. "इतकी वर्षं मी केलं काय, बाई? दुसऱ्यांची कुलपं राखली," असं ते एकदा म्हणाले. आजही मला ते खोडून काढता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय गेले आणि त्यांना नाशिकला आणलं. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, मिशनचं घर बंद झालं. निघताना त्यांनी खोलीला कुलूप लावलं, किल्लीला आपल्या पांढऱ्या झग्याची चिंधी बांधली आणि ती माझ्या हातात दिली. "आता मीही चाललो जगायला." थट्टेत म्हणाले, पण जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

खोली दोन वर्षं बंद होती, तरी शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "यंदा किती किल्ल्या?"

"एकही नाही, फादर. फळी रिकामी आहे."

"कुणीच गेलं नाही?"

"कुणी नाही. शाळा भरलेली असते."

"यमुनापण?"

"यमुनापण."

"मग झालं," ते म्हणाले आणि माझा हात धरून रडले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की माझी कीव करून ऐकून घेतलं, मला कळलं नाही. आता ते विचारायचं तरी कुणाला?

त्यांचं दफन नाशिकलाच झालं. पाड्यावर निरोपच पोचला नाही, त्यामुळे तिथलं कुणी नव्हतं. गेल्या आठवड्यात मी त्यांची किल्ली घेऊन तिथे गेले. खोलीत कुबट वास भरलेला. फळीवर वाळवीची माती चढली होती आणि खिळे गंजले होते. तेवढ्यात बाहेर बागेवर निघालेली जीप थांबली आणि यमुना धापा टाकत दारात आली. आता म्हातारी झाली आहे, तरी अजून जाते. उघडं दार पाहून तिचा चेहरा फुलला होता. "फादर आला?"

मी सांगितलं. ती चौकट धरून उभी राहिली. मागून हॉर्न वाजत होता. मग तिने पदराची गाठ सोडली आणि हिरवी चिंधी बांधलेली किल्ली माझ्यापुढे धरली. "मंग तू ठेव, बाई. कणगीत बी हाय."

"मी नाशिकला असते गं, यमुना..."

माझा हात पुढे झालाच नाही. शनिवारी एसटीने यायचं, एक घर उघडायचं, झाडायचं आणि परत जायचं. मला ते अशक्य नव्हतं, आणि हे मला तिथेच, त्याच क्षणी ठाऊक होतं. यमुना "बरं" म्हणाली. किल्ली तिने पुन्हा पदरात बांधली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

गाडीचा आवाज येईनासा झाल्यावर मी खोलीत वळले. फळी रिकामी होती. यमुनाचीही किल्ली तिच्यावर नव्हती.