मिस्टर पास्क यांची अकरावी खिडकी

स्टॅमफर्ड गावातील मिसेस थर्लो यांच्या घरी मी बावीस वर्षे साफसफाई केली. तेथेच सुतार मिस्टर विल्फ पास्क यांची व माझी ओळख झाली. घर दगडी, तीन मजली, दोनशे वर्षांपूर्वीचे. ते वारसा-यादीत असल्यामुळे नगरपालिकेच्या परवानगीवाचून त्यातील खिडकीही बदलता येत नाही.

मिस्टर पास्क चौऱ्याहत्तर वर्षांचे होते व त्यांचे गुडघे कामातून गेले होते. रस्त्याकडील अकरा खिडक्यांपैकी दहा त्यांनी दुरुस्त केल्या. दिवाणखान्याची अकरावी मात्र कुजून घट्ट बसली होती. शुक्रवारी नगरपालिकेच्या अधिकारी बाई पाहणीस येणार होत्या. तोवर ती सरकली नाही, तर ती काढून नवी, वारा अडवणारी खिडकी बसवण्यास परवानगी मिळणार होती. मिसेस थर्लो यांना तेच हवे होते.

"विल्फ, इतिहास पुरे. मला ऊब हवी आहे."

"मग स्वेटर घाला, बाईसाहेब."

अशा खिडकीच्या दोन्ही झडपा दोरीला बांधलेल्या लोखंडी वजनांच्या आधाराने वरखाली सरकतात. ही वजने चौकटीच्या पोकळीत असतात. वरच्या झडपेला जड आणि खालच्या झडपेला हलकी लावण्याची रीत आहे. मंगळवारी मिस्टर पास्क यांनी पोकळीची फळी काढली, आणि आतली वजने दोनदा हातात तोलून पाहिली.

"काय झालं?" मी विचारले.

"वजनांची अदलाबदल झालीय. वरची झडप सारखी खाली उतरायची ती म्हणूनच. चाळीस वर्षं त्या फटीतून पाणी आत जातंय."

"कुठल्या गाढवाने केलं हे?"

त्यांनी बॅटरी आत धरली. काम संपले की सुतार तेथे पेन्सिलीने आपले नाव व तारीख लिहितात. मी नुकतीच वाचायला शिकले होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या तारखेचे शेवटचे नाव मी अक्षरे जुळवून वाचले: वि. पास्क.

"तुम्हाला वाचता येत नव्हतं तेव्हाच बरं होतं, एडनाबाई."

तीन दिवस त्यांनी कुजका भाग कापून नवे लाकूड सांधले व वजने योग्य जागी लावली. शुक्रवारी अधिकारी बाईंनी दोन बोटांनी झडप उचलली. ती जेथे सोडली तेथेच थांबली. "हीच खिडकी राहील," त्या म्हणाल्या. मिसेस थर्लो स्वेटर आणायला गेल्या.

मिस्टर पास्क यांना आनंद झालेला दिसला नाही. ते जमिनीवर बसले होते व त्यांना उठवत नव्हते. फळी लावण्यापूर्वी त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"माझ्या नावाखाली आजची तारीख घाला," ते म्हणाले, "आणि चूक माझीच होती, हेही लिहा."