कासवावर वार नाही

मंडळी, आपण या ऑनलाइन कम्युनिटीत लिहून खेळतो त्या प्राण्यांच्या लढाईत चाली तीनच प्रकारच्या: वार, बचाव आणि भूल. नियम मीच लिहिलेत.

आज दुपारी अहेरीच्या सायबर कॅफेत फायनल होती. माझं कासव, दिलीपभाऊंचं अस्वल. कासव मागच्या लढतीतच अर्धमेलं झालेलं, एका पंजात खेळ संपला असता. पण शेजारच्या कॉम्प्युटरवर भाऊ दर पाळीला बचावच टाइप करत होते.

"काऊन भाऊ, मारून नाई राह्यले?"

"कासव आमच्या कुळाचा देव हाये. आमी त्याले मारत नाई."

"हे तं खेळातलं हाये."

"मार्कंड्याच्या देवळातलं कासव बी दगडाचंच हाये. त्याच्यावर पाय देशीन का तू?"

लाइट जायची वेळ झाली तसं भाऊंनी शेवटची ओळ टाकली, "अस्वलानं कासवाले जोहार केला," आणि ते बसस्टँडकडे निघून गेले.

ही नमस्काराची चाल कोणत्या प्रकारात बसते, मला ठरवता आलेलं नाही. आता पाळी माझी आहे. अस्वलानं बचाव सोडलाय, एक वार केला की फायनल माझी.

पण आमच्या इकडे जोहाराला जोहारच देतात. तुम्ही काय लिहिलं असतं?