चाचांनी कापलेलं भाषण

बल्लारपूरचे पेंटरचाचा गिऱ्हाइकाच्या मजकुरातला एक शब्दही कापत नसत. एका गिरणीवाल्याने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ‘येथे सर्व धान्य दळून मिळेल. गुरुवारपर्यंत पाहिजे.’ चाचांनी ते सगळं पाटीवर रंगवलं. गिरणीवाला भांडायला आला तर म्हणाले, "तूनंच लिवलं ना भाऊ? मी काऊन कापू?" ती पाटी अजून तशीच आहे.

अशा माणसाकडे मी माझं चित्रकथेचं पुस्तक चित्रं काढून घ्यायला घेऊन गेले, ही चूक माझीच. प्राचीन ग्रीसमधल्या शर्यतीची गंमतगोष्ट होती. बायकांना तिथे प्रवेश नाही, म्हणून बकऱ्या राखणारी एक मुलगी तेलाच्या रांजणात लपून मैदानात शिरते आणि राजाच्या लाडक्या पहिलवानाला हरवते. नागभीड-सिंदेवाहीकडच्या शाळांमधून मला ते वाचून दाखवायचं होतं. मी चळवळीची पत्रकं वाचत मोठी झालेली. त्यामुळे माझी सगळी पात्रं धावताधावताही अन्यायाबद्दल चार ओळी बोलायची.

पहिलं भांडण कपड्यांवरून. ते धावपटू उघडेच धावत, हे मी इतिहास म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर सगळे चौकड्याच्या लुंगीत, वर खोचलेल्या.

"चाचा, हे खोटं आहे."

"अन् खरं दाखवलं तं हेडमास्तर तुले शाळेत उभी करन का?"

मी हट्टाने लुंग्या काढायला लावल्या. तर नव्या पानांवर प्रत्येकाच्या कमरेशी माझ्या संवादाचा भलामोठा फुगा. "तुह्या भाषणानं समदं झाकून जाते," चाचा समाधानाने म्हणाले. "अजून लिही." गुलामांच्या हक्कांबद्दल मी जीव तोडून लिहिलेल्या ओळी एका थाळीफेक्याची लाज राखत होत्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटच्या पानावर मुलगी जिंकते. तिच्यासाठी मी बारा ओळी लिहिल्या होत्या. सगळं पुस्तक त्या ओळींसाठीच होतं. चाचांनी पान समोर ठेवलं. मुलगी रेषेपलीकडे वाकलेली, हात गुडघ्यांवर, तोंड सताड उघडं. फुगा नाहीच.

"भाषण कुठंय?"

"कापलं."

"तुम्ही? तुम्ही गिरणीवाल्याचा गुरुवारसुद्धा कापला नाहीत."

"ते पाटी होती. हे पोरगी धावून आली हाय. तिले धाप लागून राह्यली, बोलन कशी?"

"जिला कुणी बोलू दिलं नाही, तिचं तोंड तुम्हीही बंद केलंत."

"उघडंच तं हाय," चाचा म्हणाले.

मी पानं गोळा करून निघाले. घरी बारा ओळी छापून त्या कागदाची पट्टी तिच्या नाकाखाली डिंकाने चिकटवली. दुकानात पुन्हा गेले नाही.

सिंदेवाहीजवळच्या शाळेत मुली रांजणावर हसल्या, फुग्यांवर त्याहून जास्त. शेवटी मी बारा ओळी वाचल्या. पुढे बसलेली एक म्हणाली, "बाई, इले धाप नाई लागली काऊन?"

घरी येऊन मी पट्टी सोलली. डिंक चांगला होता. पट्टीबरोबर रंग निघाला आणि मुलीचं तोंडही. दुसऱ्या दिवशी बल्लारपूर गाठलं. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, आणि तेही लांबलं होतं. दुकानाचं शटर बंद. शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवली.

"चाचा गेले ना, मागच्या जुम्म्याले. काही काम होतं का?"

ऐन वेळी गायब व्हायची ही कुठली पद्धत, असा आधी रागच आला. मग मी पान उलगडलं. "एक तोंड काढायचं होतं."

त्याने पान उजेडात धरलं. "बाकी तं समदं करून गेले."

ते तोंड मी अजून कुणाला काढू दिलेलं नाही. शाळेत शेवटचं पान आलं की मी ते नुसतं वर धरते. बोलायला जीभ वळवळते, पण गप्प बसते. मुली पानाकडे बघतात, एकमेकींकडे बघतात, आणि मग कुणीतरी एक तोंड उघडून धापा टाकायला लागते.