सराटे वेचायला कोणी आलं नाही

शनिवारी सकाळी मी कांचघरच्या मैदानावर एकटाच उकिडवा बसून काटेरी सराटे वेचत होतो. थंडीत गवत वाळलं की आमच्या मैदानात सराट्यांचं पीक येतं, आणि वर्षातून एका रविवारी आमचा अनवाणी फुटबॉल सामना असतो. म्हणून दरवर्षी आदल्या दिवशी आम्ही सगळे म्हातारे ओळीने बसतो आणि गुडघ्यांच्या नावाने शिव्या देत, चहा पीत, या गोलपासून त्या गोलपर्यंत सरकत जातो. या खेपेला कोणी फिरकलं नाही. एकाच्या घरी पाहुणे, दुसऱ्याला दवाखाना, तिसऱ्याचा फोनच बंद. ज्याच्यासोबत मी हा सामना सुरू केला तो माझा मित्र फोनवर म्हणाला, "राहू दे ना यार या वेळी. काहून कंबर मोडून राहिला?"

मला वाटलं, त्याचीच कंबर धरली असेल. मी पडलो भोळा सांब. दुपारपर्यंत अर्धं मैदान साफ केलं आणि उरलेल्या अर्ध्याला हात जोडून घरी आलो.

हा सामना आमच्या बापांचा आहे. विदर्भातून ते इथे हिंदी मुलखात कारखान्यात कामाला आले आणि मोहल्ल्यातला पहिला फुटबॉल संघ त्यांनीच उभा केला. त्यांचा फोटो नाही, कप नाही, पेपरात दोन ओळी नाहीत. आहेत ती फक्त आम्हा पोरांची तोंडं, आणि त्या तोंडांतही आता दात कमी. एरवी आम्ही टीव्हीवर परदेशी क्लबांच्या मॅच बघून एकमेकांच्या उरावर बसतो. पण वर्षातला हा एक रविवार आम्ही पायातलं काढतो आणि बाप जसे खेळले तसे खेळतो. बाबा गेले त्या वर्षी मी आणि मित्राने हे ठरवलं. माझ्यासाठी हेच त्यांचं श्राद्ध, हाच त्यांचा पुतळा.

बाबा त्या संघाचे कॅप्टन. मित्राचे वडील, ज्यांना मी काका म्हणायचो, डाव्या बाजूने पळायचे. छावणीतल्या बूटवाल्या संघाशी सामना ठरला तेव्हा तिथल्या साहेबाने जुन्या बुटांचं एक पोतं पाठवलं. आमच्या लोकांनी ते परत केलं, अनवाणी खेळले आणि एका गोलाने जिंकले. गोल काकांनी मारला. मारताना कोणाचा तरी बूट त्यांच्या पायावर पडला आणि अंगठा मोडला. तो कधी नीट जुळलाच नाही. पुढे ते जन्मभर लंगडत चालले. आम्हा पोरांना त्या लंगडण्याचा असा अभिमान की मोहल्ल्यात काका आले की आम्ही बाजूला सरून वाट द्यायचो.

बाबा ही गोष्ट फार आखडत्या हाताने सांगायचे. "बुटांचं पोतं आलं. मी परत केलं. खेळलो, जिंकलो." बस. पुढे विचारलं तर उठून पाणी प्यायला जायचे. मी मात्र बापावर गेलो नाही. सामन्याआधी सगळे मैदानात गोल उभे राहतात आणि मी ती गोष्ट सांगतो, चांगली तिखटमीठ लावून. पोत्याचा रंग सांगतो, साहेबाच्या मिशा सांगतो. आणि "पोतं परत केलं" इथे आलो की माझ्या मागे उभा असलेला मित्र खणखणीत आवाजात म्हणतो, "एकानेही हात लावला नाही!" की टाळ्या. हे इतकं ठरून गेलंय की एका वर्षी त्याला नेमका तेव्हाच ठसका लागला, तर त्याचं खोकणं थांबेपर्यंत मी थांबलो होतो.

तर रविवारी सकाळी कमानिया गेटहून झेंडूचे हार घेऊन मी मैदानात पोहोचलो आणि चक्रावलो. मांडव होता. मोठे स्पीकर होते. फलकावर आमच्या सामन्याच्या नावाखाली इथल्याच गोरखपूर भागातल्या एका बुटांच्या दुकानदाराचा हात जोडलेला फोटो होता. आणि आमचे सगळे म्हातारे खुर्च्यांवर बसून नवे कोरे पांढरे बूट पायात चढवत होते. मला पाहून एकेकाची मान खाली गेली. म्हणजे दवाखाना, पाहुणे, बंद फोन, सगळं एका माळेतलं. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं, मला सोडून.

मी मित्राला शोधत होतो. तो माईकवर सापडला. दुकानदाराच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणत होता, "हमारे पिताजी लोग नंगे पैर खेले, क्योंकि जूते नसीब में नहीं थे. आज भैया की मेहरबानी से उनका सपना पूरा हो रहा है."

मला कोणी भर चौकात तोंडात मारली असती तरी चाललं असतं. नसीब? मेहरबानी? ज्यांनी आलेलं पोतं परत केलं त्यांना याने एका वाक्यात भिकारी करून टाकलं, आणि तेही स्वतःच्या बापाला धरून! माझ्या हातातले हार मी तिथल्याच एका खुर्चीवर टाकले. गोष्ट सांगायला मला कोणी बोलावलं नाही. दुकानदाराचंच भाषण झालं.

मित्र एक खोका घेऊन माझ्याकडे आला. "हे तुझे. आठ नंबर." माझा नंबर त्याला विचारावा लागत नाही.

मी म्हटलं, "तू घाल. दोन्ही पायांत दोन दोन घाल." आणि चपला काढून मैदानात उतरलो.

तो सामना मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. चेंडू माझ्याकडे आला की समोरचे लोक मागे सरायचे. कोणी अंगावर येईना, कोणी पाय घालेना. आपला बूट याच्या पायावर पडला तर म्हातारा जायबंदी होईल, म्हणून सगळे जपत होते. लग्नात नवरदेवाच्या घोड्याला वाट देतात तशी मला वाट मिळत होती. मी गोलपर्यंत चालत गेलो असतो तरी कोणी अडवलं नसतं. त्यात टाचेत सराटा घुसला, बहुतेक मी न वेचलेल्या अर्ध्यातला. मी चेंडू जोरात बाहेर मारला आणि त्याच्या मागोमाग मैदानाबाहेर गेलो.

मांडवाच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ मित्राने मला गाठलं आणि तो खोका पुन्हा माझ्या हातात कोंबला. मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, "केसाने गळा कापलास. दुकानदार आणायचा होता तर आणायचा, मला सांगायचं तरी. आणि काकांचं स्वप्न म्हणे! कोणाची मेहरबानी मागितली होती रे त्या माणसानं?"

तो टाकीच्या कट्ट्यावर बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. "झालं तुझं? आता ऐक," तो म्हणाला. "शेवटी शेवटी माझ्या बाबांच्या पायाची नखं मी कापायचो. त्यांना वाकणं होत नव्हतं. मोडक्या अंगठ्याचं नख आलं की दर वेळी म्हणायचे, कॅप्टननं पोतं परत केलं, पण मले विचारलं नाही. मले बूट पाहिजे होते."

मी म्हटलं, "खोटं."

"त्यांनी एक जोडी काढूनही ठेवली होती बाजूला. घालून पाहिली होती. तुझ्या बाबांनी पायातून काढायला लावली अन् पोत्यात टाकली." तो माझ्याकडे बघत नव्हता. "अंगठा गेला, खेळ गेला. मोहल्ला त्याच्या लंगडण्याचं कौतुक करायचा ना, तर घरी येऊन जेवत नव्हता माझा बाप."

मैदानातून शिट्टी ऐकू आली. कोणीतरी गोल केला असावा. मला जे सुचलं ते रागातूनच आलं. "मग इतकी वर्षं माझ्या मागे उभा राहून ओरडत काहून होतास? एकदा तरी सांगायचं होतं."

"कसं सांगू?" तो म्हणाला. "पहिल्या वर्षी तुझे बाबा नुकतेच गेले होते. गोष्ट सांगता सांगता तू 'पोतं परत केलं' म्हटलं अन् तुझा आवाज गेला. सगळे उभे. मी काहीतरी बोलून टाकलं. मग दर वर्षी तू तिथे येऊन थांबायला लागला."

त्याने बूट काढला. अंगठ्याजवळ कातडी सोलली होती, नवा बूट चावला होता. मी खोका तिथेच ठेवला आणि लंगडत घरी आलो. सराटा बायकोने सुईने काढला. काय झालं म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं नाही.

त्याला मी माफ केलेलं नाही. दुकानदाराचं विसरेन, माईकही विसरेन. पण इतकी वर्षं मला खोटं बोलू दिलं, खोट्याला टाळ्या मिळवून दिल्या, ते कसं विसरू? आणि बाबांचं काय करू? तेच आता जास्त सलतं. रोज सकाळी दाढी करताना ती गोष्ट मी मनात म्हणून पाहतो. बाबा म्हणायचे, मी परत केलं. नेहमी "मी"च म्हणायचे, कधी "आम्ही" म्हणाले नाहीत, आणि लगेच पाणी प्यायला उठायचे. एकानेही हात लावला नाही, असं ते एकदाही म्हणाले नव्हते. ते वाक्य मित्राचं होतं, मला रडू येत होतं म्हणून त्याने जोडलेलं. मी ते बाबांचं समजत होतो.